येशूची शिकवण आणि आजचे सार्वजनिक जीवन : एक आढावा

येशू ख्रिस्ताने राज्यकारभाराची कोणतीही योजना मांडली नाही. त्याने पक्ष काढला नाही, सैन्य उभारले नाही, कोणतेही सरकारी पद भूषवले नाही. तरीही त्याला झालेली शिक्षा राजकीय होती. रोमन साम्राज्य क्रूसाची शिक्षा मुख्यतः बंडखोरांना आणि गुलामांना देत असे. येशूच्या क्रूसावर लावलेल्या पाटीवर यहुद्यांचा राजा असल्याचा आरोप लिहिलेला होता. ज्याने सत्ता मागितलीच नाही, तो सत्तेला धोकादायक का वाटला? त्याच्या शिकवणीचा आणि राजकारणाचा संबंध या प्रश्नापासून सुरू होतो.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा रेल्वेमार्गावरचा सलग पट्टा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या वर होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. म्हणजे येथे ख्रिस्ती माणसे थोडीच आहेत. पण येशूच्या शिकवणीने जे प्रश्न पुढे आणले ते या शहरांत रोज उभे असतात. घर सोडून आलेल्याला कोण सामावून घेतो, दिवसभर काम न मिळालेल्या मजुराचे काय होते, लेकरांवर अत्याचार झाला तर समाज न्याय मागतो की सूड, नदी कोणाची, आणि धर्म बदललेल्या माणसाला राज्यसंस्था कसे वागवते, हे ते प्रश्न.

शिकवणीचा गाभा

ज्याच्या काळात येशूला क्रूसाची शिक्षा झाली तो पाँतियस पिलात इ. स. 26 ते 36 या काळात यहूदियाचा रोमन सुभेदार होता. उत्तरेकडील गालील प्रांत हेरोद अंतिपाच्या हाती होता. शेतकरी आणि मच्छीमार कराच्या ओझ्याखाली होते. रोमसाठी कर गोळा करणाऱ्या जकातदारांबद्दल लोकांच्या मनात चीड होती. रोमशी जुळवून घेणारे, धर्मनियमांच्या काटेकोर पालनात तारण शोधणारे, वाळवंटात निघून जाणारे आणि शस्त्राने मुक्ती मिळवू पाहणारे असे वेगवेगळे प्रवाह त्या समाजात होते. येशू यांपैकी कोणत्याच प्रवाहात पूर्णपणे सामील झाला नाही. त्याच्या बारा शिष्यांत रोमसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि जहाल राष्ट्रवादाची खूण असलेले नाव लावणारा शिमोनही होता. एरवी एकमेकांचे वैरी ठरले असते असे दोघे त्याने एका पंगतीला बसवले.

त्याच्या प्रवचनांचा मध्यवर्ती विषय देवाचे राज्य हा आहे. या राज्याची कल्पना त्याने दाखल्यांमधून मांडली. त्यात मोठेपणाचे माप उलटे होते. जो पुढारी होऊ पाहतो त्याने सर्वांची सेवा करावी, अशी त्याची अपेक्षा होती. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला जो भाग वाचला, तो गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका आणि ठेचलेल्यांना मोकळीक देण्याविषयीचा होता. डोंगरावरील प्रवचनात त्याने सूडाचा नियम मोडून शत्रूवरही प्रेम करायला सांगितले. धनाची चाकरी आणि देवाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हेही त्याने निक्षून सांगितले.

न्यायाच्या शेवटच्या दिवसाचे त्याने केलेले वर्णन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येते. तेथे राष्ट्रांचा निवाडा उपासनेवरून किंवा मतांवरून होत नाही. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याला शुश्रूषा आणि कैद्याला भेट मिळाली की नाही, यावरून तो होतो. आधुनिक राजकारणासाठी या अध्यायाचे महत्त्व मोठे आहे. अन्नसुरक्षा, पाणीपुरवठा, स्थलांतरितांचे हक्क, सार्वजनिक आरोग्य आणि तुरुंगांची स्थिती हे आजच्या शासनाचे विषय त्यात जवळजवळ जसेच्या तसे आहेत.

कराच्या प्रश्नावर त्याला पेचात पकडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्याने नाणे मागवले आणि त्यावरचा मुखवटा कोणाचा ते विचारले. कैसराचे (रोमन सम्राटाचे) कैसराला आणि देवाचे देवाला द्यावे, या आशयाच्या त्याच्या उत्तराचे दोन अर्थ लावले गेले. पहिल्या अर्थाने धर्म आणि राज्य ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. दुसरा अर्थ अधिक खोल जातो. नाण्यावर कैसराचा मुखवटा आहे, पण माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे, म्हणून राज्याला कर मागता येतो, माणूस मागता येत नाही. राज्यसत्तेच्या अधिकाराला मर्यादा आहे, हा विचार या दुसऱ्या अर्थातून पुढे वाढला.

सत्तेशी जुळलेली आणि तुटलेली नाती

पहिली तीन शतके ख्रिस्ती मंडळ्या सत्तेबाहेर होत्या. 313 मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी त्यांना धर्मस्वातंत्र्य दिले. 380 मध्ये ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. छळ सोसणाऱ्यांच्या हाती छळण्याची साधने आली. धर्मयुद्धे, पाखंड्यांचे खटले आणि वसाहतींचा विस्तार यांना पुढे क्रूसाचेच चिन्ह लावले गेले. पश्चिम किनाऱ्यावर याची कटू आठवण आहे. गोव्यात 1560 मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन मधला छोटा खंड वगळता 1812 पर्यंत चालले. वसई-साष्टी प्रदेशात पोर्तुगीज सत्तेखाली धर्म आणि सक्ती यांची सरमिसळ झाली. येशूच्या नावाने केलेली सक्ती त्याच्या शिकवणीला सर्वांत जास्त बाधक ठरली, हे इतिहासाने दाखवले आहे.

याच शिकवणीने सत्तेला विरोध करणारी माणसेही घडवली. गुलामगिरीविरुद्ध क्वेकर पंथीयांनी आवाज उठवला. 1934 मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या मंडळींनी चर्चवर नाझी विचारांचा ताबा मान्य करण्यास नकार दिला. त्याच परंपरेतले धर्मगुरू डीट्रिख बॉनहॉफर यांना 9 एप्रिल 1945 रोजी फाशी देण्यात आली. अमेरिकेत मार्टिन लूथर किंग यांनी 1955 पासून वर्णभेदाविरुद्ध अहिंसक लढा उभारला. लॅटिन अमेरिकेत गुस्ताव्हो गुटिएरेझ यांनी 1971 मध्ये मुक्तीचे ईशशास्त्र मांडले. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीला बायबलचा आधार देणारे चर्च होते आणि त्या राजवटीशी झुंजणारे डेस्मंड टूटूही त्याच बायबलवर उभे होते.

या परस्परविरोधी उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. ही शिकवण स्वतःला लावून पाहिली तेव्हा तिने माणसे मुक्त केली. दुसऱ्यांवर राज्य करण्याचा परवाना म्हणून ती वापरली तेव्हा तिचा जीव गेला.

मराठी विचारविश्वातील येशू

1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध मराठीत छापले गेले आणि येशूची कथा मराठीच्या घरात आली. एकोणिसाव्या शतकात तिचा सामाजिक अर्थ लावला जाऊ लागला. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 पासून मुंबईत सुरू झाले आणि 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. मिशनऱ्यांच्या शाळांमुळे शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी शिक्षणाचे एक दार उघडले. त्याच वेळी मिशनांचा वसाहतवादी सत्तेशी असलेला संबंध लोकांच्या मनात संशयही निर्माण करत राहिला.

जोतीराव फुले यांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 च्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथात त्यांनी येशूकडे बळीराजाच्या परंपरेतील दीनांचा कैवारी म्हणून पाहिले. हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एकाच कुटुंबातील माणसांनी आपापल्या विवेकाने वेगवेगळे धर्म पाळून एकोप्याने नांदावे, असे चित्र आहे. येशूला चर्चच्या भिंतीबाहेर आणून शेतकऱ्याच्या दैवतांशेजारी बसवण्याचे काम फुल्यांनी केले.

पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण तेथील धर्मसत्तेपुढे त्या झुकल्या नाहीत. श्रद्धेच्या बाबतीत आपल्या विवेकाचा अधिकार कोणाच्या हाती द्यायला त्यांनी नकार दिला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवांसाठी केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे शिक्षणाबरोबर छपाई, विणकाम आणि शेती शिकवली जात होती. दया आणि स्वावलंबन यांची सांगड हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य होते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी अभंग, कीर्तन आणि देशप्रेम सोडले नाही. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची संघटना कल्पिली. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. राजकारणाच्या आघाडीवर हीच गोष्ट मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातील काका जोसेफ बॅप्टिस्टा यांनी कृतीने दाखवली. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी होते. 1916 च्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले आणि कामगार चळवळीतही ते अग्रभागी राहिले.

महात्मा गांधींवर डोंगरावरील प्रवचनाचा आणि टॉलस्टॉय यांनी लावलेल्या त्याच्या अर्थाचा खोल परिणाम झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी तुरुंगात असताना येशूच्या आचरणावर पुस्तक लिहिले. उपभोगावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेची चिकित्सा त्यांनी त्या आधारे केली. विनोबा भावे यांनी ख्रिस्ती धर्मशिकवणीचे सार निवडून ग्रंथरूपात दिले. भूदानाच्या पदयात्रेत मालकीच्या त्यागाची जी मागणी त्यांनी केली, तिचे येशूच्या धनविषयक शिकवणीशी नाते स्पष्ट दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विचारलेले प्रश्न या सगळ्यांपेक्षा अवघड आहेत. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील लेखनात त्यांनी चर्चमध्येही जात टिकून राहिल्याचे दाखवले. ख्रिस्ती झालेला माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहण्याऐवजी पारलौकिक समाधानात गुंततो, असा त्यांचा आक्षेप होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या आक्षेपाला चर्चच्या आतून आलेले महत्त्वाचे उत्तर म्हणजे दलित ईशशास्त्र. महाराष्ट्रातील अभ्यासक अरविंद निर्मल यांनी 1981 मध्ये बंगळूरच्या संयुक्त ईशशास्त्र महाविद्यालयात केलेल्या व्याख्यानातून त्याची सुरुवात मानली जाते. नाकारलेला आणि गावाबाहेर मारला गेलेला येशू दलितांच्या बाजूचा आहे, हे या ईशशास्त्राचे प्रतिपादन होते.

अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हा धागा पुढे नेला. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथाला 2013 चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईची शेती, विहिरी आणि हिरवाई वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी केले, आणि बिल्डर व गुंडगिरी यांच्या साखळीला तोंड दिले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या पदावर आलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काहींनी धर्माच्या कारणावरून विरोध केला, पण वाचकांनी आणि साहित्यिकांनी ती निवड उचलून धरली. 25 जुलै 2024 रोजी त्यांचे निधन झाले.

परका आणि शेजारी

उल्हासनगरचा जन्म परक्यांच्या वस्तीतून झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले. घरदार, जमीनजुमला आणि नदी मागे टाकून आलेली सुमारे लाखभर माणसे बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. अंबरनाथमध्ये आयुधनिर्माणी, काडेपेटीचा कारखाना आणि औद्योगिक वसाहतीमुळे देशभरातून कामगार आले. बदलापूर मुंबईत परवडणारे घर न मिळालेल्या कुटुंबांचे गाव होत गेले.

ख्रिस्ती लोकही याच वाटेने येथे आले. केरळातून आलेल्या सिरो-मलबार पंथीयांसाठी 1988 मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. मराठवाडा आणि अहमदनगरकडून आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे, कॅथलिक धर्मग्रामातील गोवेकर आणि मंगळुरी, अलीकडे वाढलेल्या पेंटेकॉस्टल प्रार्थनासभा आणि त्यांत येणारे काही सिंधी भाविक असे या समाजाचे मिश्र रूप आहे. येथील बहुतेक प्रत्येक समाज कधी ना कधी परका होता.

शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने चांगल्या शोमरोनीच्या दाखल्याने उत्तर दिले. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला स्वतःच्या धर्माचे दोघे ओलांडून गेले आणि तुच्छ मानलेल्या जमातीच्या माणसाने त्याला उचलले. या दाखल्याने शेजारधर्माला जात, भाषा आणि पंथ यांच्या पलीकडे नेले. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल पोहोचले, तसे आसपासचे गावकरीही मदतीला धावले. त्यांनी प्रवाशांना बाहेर काढायला, निवारा आणि खाणेपिणे द्यायला हात दिला. कोणाचा धर्म कोणता हे तेव्हा विचारले गेले नाही. आपत्तीत सहज दिसणारी ही वृत्ती घर भाड्याने देताना, शाळेत प्रवेश देताना आणि मतदान करताना टिकते का, हा राजकारणाचा खरा प्रश्न आहे. भाषा आणि धर्म पाहून भाडेकरू नाकारले जातात, तेव्हा शोमरोनीच्या दाखल्याची परीक्षा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत होत असते.

मजुरी आणि धन

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत वेगवेगळ्या वेळी चौकात जाऊन मजूर आणतो आणि शेवटी सर्वांना सारखीच मजुरी देतो. उशिरा आलेल्यांनी सांगितलेले कारण साधे आहे : त्यांना कोणी कामच दिले नव्हते. कल्याणच्या पुढच्या प्रत्येक शहरात सकाळी मजूर नाक्यावर उभ्या असलेल्या गवंडी, रंगारी आणि बिगारी कामगारांना हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. काम न मिळणे हा आळस नसतो, आणि पोट तर दिवसभराचेच असते.

या दाखल्याचा आधुनिक भारतीय प्रवास लक्षणीय आहे. जॉन रस्किन यांनी आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांच्या पुस्तकाचे नाव याच दाखल्यातून घेतले. 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रेल्वेप्रवासात गांधींनी ते वाचले आणि 1908 मध्ये त्याचा सारानुवाद ‘सर्वोदय’ या नावाने केला. शेवटच्या माणसाचा उदय हे सूत्र तेथून आले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने 1977 च्या कायद्याचा आधार दिला. या कायद्यामागे ख्रिस्ती प्रेरणा होती असे म्हणता येणार नाही. पण मागेल त्याला काम मिळणे हा हक्क आहे, ही त्याची भूमिका द्राक्षमळ्याच्या न्यायाशी जुळते. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतील पीसरेटवर काम करणारे शिलाई कामगार आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांना अशी हमी नाही. मिळकत उत्पादनावर मोजावी की माणसाच्या गरजेवर, हा वाद अजून सुटलेला नाही, आणि येशूची बाजू त्यात स्पष्ट आहे.

लेकरे, न्याय आणि सूड

लहानग्यांना इजा करणाऱ्यांबद्दल येशूने वापरलेली भाषा त्याच्या सर्व बोलण्यात सर्वांत कठोर आहे. क्षमेचा उपदेश करणाऱ्या गुरूने या अपराधाला सौम्य शब्द वापरलेले नाहीत. म्हणून ख्रिस्ती क्षमेचा अर्थ गुन्ह्यावर पांघरूण घालणे असा होऊ शकत नाही. जगभरच्या चर्चमध्ये मुलांवरील अत्याचार दडपले गेले, ती या शिकवणीशी केलेली प्रतारणा होती.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवण्यात दिरंगाई झाल्याच्या संतापातून 20 ऑगस्टला हजारो लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि अनेक तास गाड्या बंद राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. हा संताप न्याय्य होता. लेकरांची बाजू घेऊन यंत्रणेला जाब विचारणे हे नागरिकांचे काम होते. पण जमावातून आरोपीला तिथेच फाशी देण्याची मागणीही झाली. 23 सप्टेंबरला पोलिसांच्या ताब्यात असताना आरोपी गोळीबारात मारला गेला, तेव्हा अनेकांनी आनंद साजरा केला. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना या मृत्यूसाठी जबाबदार धरले.

दगडमार करायला आलेल्या जमावाला येशूने थांबवल्याची कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. तिचा संबंध येथे लागतो. जमाव आणि बंदूक यांना न्यायाधीशाची जागा दिली तर पीडितेला खरा न्याय मिळत नाही. खटला चालत नाही, पुरावा तपासला जात नाही आणि दिरंगाई करणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी झाकली जाते. सूड आणि न्याय यांतला फरक पाळणे हा दुबळेपणा नाही. उद्याच्या लेकरासाठी व्यवस्था सुधारण्याची ती पहिली अट आहे.

कैद्याला भेटण्याचा निकषही याच भागात कसोटीला लागला. तळोजा कारागृह या पट्ट्यापासून फार दूर नाही. झारखंडमधील आदिवासींसोबत काम करणारे येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि त्यांना तळोजात ठेवण्यात आले. त्यांनी आरोप नाकारले होते. कंपवाताने हात थरथरणाऱ्या या वृद्ध कैद्याला पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची मागणी न्यायालयात करावी लागली. 5 जुलै 2021 रोजी वयाच्या 84 व्या वर्षी मुंबईत रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचा खटला सुरूही झालेला नव्हता. आरोप कोणताही असो, कच्च्या कैद्याची माणूस म्हणून काळजी घेणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा मुद्दा या प्रकरणाने देशापुढे ठेवला.

नदी आणि सृष्टी

अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. शके 982 म्हणजे 1060 चा शिलालेख असलेले हे मंदिर ज्या पाण्याच्या काठी उभे राहिले, त्या पाण्यात आज सांडपाणी, रंग आणि रसायने सोडली जातात. 2014 च्या अखेरीस नदीत टाकलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरून उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. वनशक्ती या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. कारवाईत जीन्स धुलाईचे कारखाने बंद पडले तेव्हा हजारो कामगारांच्या रोजगाराचा प्रश्नही उभा राहिला.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये काढलेल्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्याचे आवाहन आहे. वालधुनीच्या काठावर हे दोन्ही आवाज खरोखरच एकत्र येतात. प्रदूषणाचा पहिला फटका नाल्याकाठच्या झोपडीला बसतो, आणि उपायाचा पहिला बोजाही त्याच झोपडीतल्या मजुरावर पडतो. म्हणून नदी वाचवण्याचे आणि कामगाराला पर्यायी काम देण्याचे राजकारण वेगवेगळे करता येत नाही.

धर्मांतर, जात आणि कायदा

संविधानसभेत ख्रिस्ती प्रतिनिधींनी घेतलेली भूमिका या विषयात मोलाची आहे. हरेंद्रकुमार मुखर्जी यांच्यासारख्या नेत्यांनी धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव मतदारसंघांचा आग्रह सोडला. त्यांनी विशेष सत्तेपेक्षा सर्वांच्या समान स्वातंत्र्यावर विश्वास ठेवला. अनुच्छेद 25 ने धर्म मानणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे हे हक्क दिले. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने सक्तीच्या धर्मांतराविषयी कायदा सुचवण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

येशूच्या शिकवणीच्या कसोटीवर या वादाला दोन बाजू आहेत. पैसा, धाक किंवा रोग बरा करण्याचे खोटे आश्वासन देऊन मिळवलेली श्रद्धा त्या शिकवणीला मान्य होण्यासारखी नाही. अरण्यात भाकरी आणि सत्ता यांच्या मोहाला त्याने स्वतः नकार दिला होता. 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांच्या चमत्कारविक्रीला सारखाच लागू होतो, आणि उपचाराच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्या प्रार्थनासभांनाही तो लागू व्हायला हवा. दुसरीकडे, स्वतःच्या विवेकाने धर्म बदलणाऱ्या प्रौढ माणसाला सरकारी परवानगीच्या दारात उभे करणे हे त्याच्या माणूसपणावर अविश्वास दाखवणे आहे. घरगुती प्रार्थनेवर जमाव चालून जातो तेव्हा कायद्याने प्रार्थना करणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, मग ती प्रार्थना कोणत्याही देवाची असो.

जातीचा प्रश्न याहून जुना आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये तो शीख दलितांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 च्या अहवालात हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. ऑक्टोबर 2022 मध्ये या विषयावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. या मागणीत ख्रिस्ती समाजालाही आरसा पाहावा लागतो. धर्मांतरानंतर जात उरते असे न्यायालयात सांगायचे, तर ती मंडळीत, लग्नात आणि दफनभूमीत का उरली, याचे उत्तर आधी स्वतःला द्यावे लागते.

आक्षेप आणि मर्यादा

या शिकवणीवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तीन प्रमुख आहेत. पहिला आक्षेप असा की शत्रूवरच्या प्रेमाने राज्य चालत नाही. देशाचे संरक्षण आणि गुन्हेगारांचा बंदोबस्त यांसाठी बळ लागते. डोंगरावरील प्रवचन थेट कायद्यात उतरवता येत नाही, हे बहुतेक ख्रिस्ती विचारवंतांनीही मान्य केले आहे. त्याचे काम बळाच्या वापराला लगाम घालणे, द्वेषाला धोरण होऊ न देणे आणि हरलेल्याची माणुसकी जपणे हे आहे. दुसरा आक्षेप मार्क्सवादी आणि आंबेडकरी परंपरेतून येतो. दया व्यवस्था बदलत नाही, उलट तिला टिकवते. हा आक्षेप बराचसा खरा आहे. अनाथाश्रम चालवणे आणि अनाथ करणाऱ्या कारणांवर न बोलणे, हे अनेक धर्मसंस्थांनी केले आहे. रमाबाई, कुमारप्पा आणि दिब्रिटो यांचे काम वेगळे ठरते ते यामुळेच, की त्यांनी दयेला व्यवस्थेच्या प्रश्नाशी जोडले.

तिसरा आक्षेप बहुधर्मी समाजातून येतो. एका धर्माच्या गुरूची शिकवण सर्वांच्या राजकारणाचा आधार कशी होईल? फुले आणि विनोबा यांच्या वाटेने याचे उत्तर मिळते. ख्रिस्ती नसलेल्या या माणसांनी येशूला कोणाचीही मालमत्ता मानले नाही. बुद्धाची करुणा, संतांचा समभाव, सूफींचे प्रेम आणि येशूचा शेजारधर्म सार्वजनिक जीवनात एकत्र नांदू शकतात. अट एवढीच की त्यातल्या कोणीही दुसऱ्यावर राज्य करण्याचा हक्क सांगू नये. सिंधी, मराठी, मल्याळी, बौद्ध, मुस्लिम आणि उत्तर भारतीय कुटुंबे एका लोकलने प्रवास करत असलेल्या या पट्ट्यात दुसरा मार्ग नाही.

येशूची शिकवण मतदाराला कोणाला मत द्यावे हे सांगत नाही. पण मत देताना काय तपासावे हे ती नेमके सांगते. उमेदवाराने आणि पक्षाने भुकेल्या, परक्या, आजारी आणि कैदेतल्या माणसासाठी काय केले, नदीचे काय केले, लेकरांच्या सुरक्षिततेचे काय केले, आणि आपल्या विरोधकाशी तो कसा वागला, ही ती तपासणी आहे. नगरपालिकेच्या प्रभागापासून लोकसभेपर्यंत ती लावता येते. ख्रिस्ती संस्था, शाळा आणि मंडळ्या यांनी ती प्रथम स्वतःला लावावी लागते. सत्तेने ज्याला क्रूसावर दिले त्याच्या नावाने सत्ता मागणारा कोणताही पक्ष किंवा पंथ या तपासणीतून सुटत नाही.